पिल्लू लीश चावतंय? ओढू नका, असं शिकवा

दोन-अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू घरी येतं, हौसेनं लीश (फिरवताना हातात धरायची पट्टी) आणली जाते, आणि चार पावलं टाकून होत नाहीत तोच ती त्याच्या तोंडात जाते. माणूस लीश ओढतो, पिल्लू आणखी घट्ट धरतं, मान झटकतं, बारीक गुरगुरतं, शेपूट मात्र जोरात हलत असते. पिल्लाच्या लेखी ही रस्सीखेच आहे आणि समोरचा भिडू तुम्ही आहात. जितकं ओढाल तितका खेळ रंगतो. म्हणून लीश चावणं थांबवायचं तर आधी आपल्या हाताला सवय लावावी लागते, की लीश तोंडात असताना ओढायचं नाही. योग्य लीश, दातांची सोय, 'सोड' शिकवणं हे सगळं त्यानंतर येतं, आणि हात ओढत राहिला तर त्यातलं काहीच टिकत नाही.

इथं सांगितलेली पद्धत ८ आठवड्यांपासून ७-८ महिन्यांपर्यंतच्या पिल्लांसाठी आहे. लॅब्रॅडोर असो, पॉमेरेनियन असो की दत्तक घेतलेलं देशी पिल्लू, पायऱ्या त्याच. फक्त वेळ कमी-जास्त लागतो.

आधी कारण ओळखा

लीश चावणारं प्रत्येक पिल्लू एकाच कारणानं चावत नाही, आणि कारण चुकलं की उपायही चुकतो.

पहिलं कारण दात. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पुढचे बारीक दात पडायला लागतात, सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात बदलतात, आणि सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात आलेले असतात. या काळात हिरड्या ठणकतात, शिवशिवतात. असं पिल्लू लीश बहुधा शांतपणे, एका जागी बसून, तोंडाच्या कडेनं चघळतं. खुर्चीचे पाय, चपला, पायपुसणं यांवरही दातांच्या खुणा दिसतात. लीशवर किंवा खेळण्यावर रक्ताचा बारीक डाग दिसला तर घाबरू नका, दात पडताना तेवढं येतं.

दुसरं कारण उत्साह. दाराची कडी वाजली, कुणी पाहुणा आला, दुसरं कुत्रं दिसलं की पिल्लू उड्या मारत लीश पकडतं. हे चावणं झटकेबाज असतं आणि बहुतेक वेळा फिरायला निघताना पहिल्या दोन-तीन मिनिटांत होतं.

तिसरं, थकवा. लहान पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. घरात मुलं असली, सतत कुणी ना कुणी उचलून घेत असलं, की ही झोप होत नाही आणि संध्याकाळी पिल्लू सैरभैर होतं. त्या वेळी लीश लावून बाहेर नेलं तर ते लीश, पायजम्याचं टोक, तुमची पोटरी, जे समोर येईल ते धरतं. इथं शिकवण्यात अर्थ नाही. पिल्लाला झोपवणं हाच उपाय.

चौथ्या कारणाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ते म्हणजे भीती किंवा कोंडी. गेटबाहेर भटकी कुत्री भुंकत आहेत, रिक्षा अगदी जवळून गेली, पिल्लाला मागे फिरायचं आहे आणि लीश सोडत नाही. अशा वेळी ते लीशलाच चावतं. ओळखायचं कसं? शेपूट खाली किंवा पोटाखाली, कान मागे, अंग आखडलेलं, पुन्हा पुन्हा जांभया, खाऊ समोर धरला तरी घेत नाही. या पिल्लाला रागावलात तर बाहेरची भीती आणि तुमची भीती अशा दोन्ही त्याच्या मनात बसतात. त्याला तिथून लांब न्या, एवढंच करा.

तीन दिवस एका कागदावर टिपून ठेवा: किती वाजता चावलं, कुठं, त्याआधी काय झालं, शेवटची झोप कधी झाली. तीन दिवसांत काहीतरी ठरावीक दिसतंच, आणि मग निम्मं काम सोपं होतं.

लीश कशी असावी

लांबी १.२ ते १.८ मीटर, म्हणजे ४ ते ६ फूट. त्याहून आखूड लीश सतत ताणलेली राहते आणि लांब लीश पायात येते. रुंदी पॉमेरेनियन, शित्झू किंवा लहान देशी पिल्लासाठी १० ते १२ मिलिमीटर, लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्डच्या पिल्लासाठी १५ मिलिमीटर पुरे. दुकानात बरेचदा 'मोठं झाल्यावरही चालेल' म्हणून जाडजूड पट्टी आणि वजनदार हूक गळ्यात मारतात. असा हूक चालताना हनुवटीवर आपटत राहतो, आणि जे आपटतं त्याकडे पिल्लाचं तोंड जाणारच. हूक लहान आणि हलका घ्या. बटण दाबून आत-बाहेर होणारी लीश या वयात नको. ती कायम थोडी ताणलेली असते आणि तिची बारीक दोरी पिल्लू चटकन तोडतं.

हूक कुठं अडकतो यानंही मोठा फरक पडतो. गळपट्ट्याची कडी फिरून हनुवटीखाली आली की लीश थेट तोंडासमोर लोंबते. छातीवर कडी असलेल्या हार्नेसचंही (गळ्याऐवजी छाती-पाठीवर बसणाऱ्या पट्ट्यांचंही) तेच. पाठीवर कडी असलेला, समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा हार्नेस घेतला तर लीश पाठीवरून वर जाते आणि तोंडाला सहज लागत नाही. हार्नेसच्या प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं सरळ जायला हवीत. तीन-चार बोटं जात असतील तर पिल्लू मागे सरकून त्यातून सुटेल, एकही जात नसेल तर काखेत घासेल. लॅब्रॅडोरचं पिल्लू आठवड्यागणिक वाढतं, म्हणून दर रविवारी पट्ट्या तपासायच्या.

'साखळी लावा, चावणार नाही' हा सल्ला हमखास मिळतो. साखळी चावता येत नाही हे खरं, पण काही पिल्लं तरीही चावतात आणि दाताचा टवका उडतो. शिवाय साखळी जड. आणि साखळी काढून पुन्हा पट्टीची लीश लावली की चावणं जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू होतं. ५-६ महिन्यांचं पिल्लू रोज एक लीश कुरतडून टाकत असेल, तर हूक आणि लीश यांच्यामध्ये फूटभर बारीक साखळीचा तुकडा तात्पुरता जोडायला हरकत नाही. शिकवणं त्यासोबत चालूच ठेवायचं.

कडू स्प्रेबद्दल. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या अशा बऱ्याच स्प्रेंमध्ये डेनाटोनियम बेंझोएट नावाचं अतिशय कडू रसायन असतं. कापसाच्या बोळ्यावर थोडं घेऊन पिल्लाला चाटू द्या. तोंड वाकडं करून ते मागे सरलं तर उपयोग होईल. खुशाल चाटत राहिलं तर पैसे वाया घालवू नका, काही कुत्र्यांना त्या चवीचं काही वाटत नाही. मारायचा झाला तर लीशच्या हुकाकडच्या दोन फुटांवर मारा, पूर्ण वाळू द्या आणि रोज पुन्हा मारा. पण मिरची पूड, मिरचीचं पाणी, बाम, व्हिक्स, कडुनिंबाचं तेल यांतलं काहीही लावू नका. मिरची पंजावरून डोळ्यात जाते, हिरड्या भाजतात, आणि बाम-तेल पोटात गेलं की लाळ आणि उलट्या सुरू होतात.

दातांना काम द्या

फिरायला निघायच्या आधी १० मिनिटं मनसोक्त चघळू दिलं तर लीशवरचं लक्ष बरंच कमी होतं. घरात असतं त्यातूनच सोय होते. जाड गाजर अख्खं धुऊन फ्रीझरमध्ये ठेवा. चकत्या करू नका, त्या घशात अडकतात. सुती पंचाचा जाड तुकडा ओला करून पिळा, पीळ तसाच ठेवून २-३ तास गोठवा. गार कापडानं हिरड्यांची ठणक कमी होते. पोकळ रबरी खेळण्यात साधं दही आणि उकडलेला लाल भोपळा भरून गोठवलं तर पिल्लू वीस-पंचवीस मिनिटं त्यात रमतं. मीठ-साखर काही नको. हे सगळं तुमच्या नजरेसमोर द्यायचं. गाजर बोटभर उरलं किंवा कापडाचे धागे निघू लागले की काढून घ्यायचं.

चघळायची वस्तू फार टणक नाही ना, हे नखानं तपासा. नख दाबल्यावर थोडंही रुतलं नाही तर ती वस्तू दातांसाठी जास्त टणक आहे. छुर्पी (याकच्या दुधाचं टणक चीज), खूर, शिंग या परीक्षेत बहुधा नापास होतात. शिजवलेली हाडं अजिबात नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होऊन घशाला आणि आतड्याला इजा होते. जुनी चप्पल आणि जुना मोजाही नको, कारण जुनी आणि नवी यातला फरक पिल्लाला कळत नाही. दोरीचं खेळणं तर या काळात कपाटात ठेवा. ते दिसायला आणि धरायला लीशसारखंच असतं, आणि सकाळी जे ओढायला लावलं ते संध्याकाळी ओढू नको म्हणून सांगणं पिल्लावर अन्याय आहे.

घरातला सराव

लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, जिथं इतर कुत्री शी-शू करतात अशा जागी उतरवायचं नसतं, कारण पार्वो या जीवघेण्या विषाणूची लागण बहुधा तिथून होते. पार्वो आणि डिस्टेंपर (आणखी एक विषाणूजन्य आजार) यांची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर. नेमक्या तारखा तुमचे डॉक्टर ठरवतील. हा घरात अडकलेला काळ लीश शिकवायला उत्तम आहे. बाहेरचं जग कडेवर घेऊन दाखवा, लीश मात्र हॉलमध्ये शिकवा.

एका वेळी ३ ते ५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. पिल्लू झोपून उठलेलं, शी-शू झालेली, थोडी भूक लागलेली, अशी वेळ निवडा. खाऊचा तुकडा चण्याच्या डाळीएवढा. उकडलेलं बिनमिठाचं चिकन, पनीर, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, किंवा त्याच्या रोजच्या खाण्यातलेच दाणे. सरावाचा खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका, नाहीतर पोट बिघडतं. मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंग गम कुत्र्यांना विषारी आहे. लाडवात मनुका असू शकतात, म्हणून त्याचा तुकडा देऊ नका हे आजी-आजोबांना आवर्जून सांगा.

पहिली पायरी: लीश फरशीवर नुसती पडलेली. पिल्लानं तिच्याकडे पाहिलं, हुंगलं आणि तोंड लावलं नाही की लगेच 'शाब्बास' म्हणून खाऊ. तोंडात घेतलं तर काही बोलू नका, लीशला हातही लावू नका. निपचित पडलेल्या लीशमध्ये गंमत नसते, ते बहुधा स्वतःच सोडतं. सोडलं की दोन सेकंद थांबून खाऊ.

दुसरी पायरी: हुकाचा आवाज. एका हातात खाऊ धरून पिल्लाला चाटू द्या, दुसऱ्या हातानं हूक लावा, काढा. लावा, काढा. पाच-सहा वेळा. हूक लावताना पिल्लू मान वळवून हात पकडायला बघत असेल तर तुम्ही समोरून वाकताय. गुडघ्यावर त्याच्या बाजूला बसा आणि हात वरून न आणता कडेनं आणा. एवढ्यानं बरीच पिल्लं शांत उभी राहतात.

तिसरी पायरी: ओढत फिरू देणं. यासाठी एक जुनी हलकी लीश घ्या आणि हातात धरायचा फासा कापून टाका, म्हणजे ती टेबलाच्या पायात अडकणार नाही. ती लावून पिल्लाला घरात ५ मिनिटं तुमच्या देखरेखीखाली फिरू द्या. या वेळात त्याच्याशी चेंडू खेळा, जेवणाची ताटली ठेवा. मागे काहीतरी लोंबतंय याकडे त्याचं लक्ष जाणं बंद झालं की ही पायरी झाली. एकटं सोडून आंघोळीला जाऊ नका, गळ्याला वेढा बसू शकतो.

चौथी पायरी: 'सोड'. हे लीशवर शिकवू नका, खेळण्यावर शिकवा. पिल्लाच्या तोंडात रबरी खेळणं आहे, तुम्ही दुसरं टोक धरलंय. हात शरीराला टेकवून एकदम स्थिर करा, म्हणजे खेळण्याची हालचाल बंद. दुसऱ्या हातातला खाऊ त्याच्या नाकाशी न्या. तोंड उघडलं की खाऊ द्या आणि लगेच खेळणंही परत द्या. हे परत देणं सगळ्यात महत्त्वाचं. सोडलं तर वस्तू कायमची जाते असं पिल्लाला वाटलं, तर ते वस्तू घेऊन सोफ्याखाली पळायला शिकतं. दहा वेळांपैकी आठ वेळा हात स्थिर होताच तोंड उघडायला लागलं की मग तोंड उघडण्याच्या क्षणाआधी 'सोड' हा शब्द जोडा. शब्द एकदाच. 'सोड सोड सोड अरे सोड ना' यातला नेमका कितवा 'सोड' ऐकायचा हे पिल्लाला कळत नाही.

पाचवी पायरी: 'हात'. उघडा तळवा पिल्लाच्या नाकापासून चार बोटांवर, बाजूला धरा. ते कुतूहलानं नाक लावेल, लगेच खाऊ. काही दिवसांत 'हात' म्हटलं की ते पळत येऊन नाक लावतं. रस्त्यावर त्याचं तोंड लीशकडे वळलं की 'हात' म्हणायचं. जे तोंड तळव्याला लागलंय ते लीशला लागू शकत नाही.

सहावी पायरी: चालणं. लीशला झोळ हवा, पण तो पिल्लाच्या खांद्याच्या वरच राहिला पाहिजे. खूप ढिली सोडली तर ती छातीसमोर डोलते आणि पिल्लू झडप घालतं. ताणली तर ते ताणाविरुद्ध जोर लावतं. डावीकडे चालवत असाल तर लीशचा फासा उजव्या हातात, मधला भाग डाव्या हातात हलका, आणि खाऊ डाव्या हातानं पँटच्या शिवणीपाशी द्यायचा. सुरुवातीला प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला खाऊ. दोन दिवसांनी पाचव्या पावलाला, मग दहाव्या. हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लीशला तोंड न लावता चार फेऱ्या झाल्या की जिन्याच्या पॅसेजमध्ये जा. मग पार्किंग, मग गेट, मग रस्ता. जागा बदलली की खाऊ पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या पावलावर आणायचा. घरात शहाण्यासारखं चालणारं पिल्लू लिफ्टमध्ये लगेच लीश धरतं. ती जागा त्याला नवी आहे, त्यात हट्ट नाही.

तरीही लीश तोंडात गेली तर

तोंडात जायच्या एक-दोन सेकंद आधी पिल्लू सूचना देतं. मान तिरकी होते, नजर हुकापासून लीशवर वर सरकते, पुढचे पाय किंचित उचलल्यासारखे होतात. हे दिसताच 'हात' म्हणा, किंवा चार दाणे जमिनीवर टाकून 'शोध' म्हणा. नाक खाली गेलं की डोकं शांत होतं.

ही संधी चुकली आणि लीश तोंडात गेलीच, तर जागेवर थांबा. लीशचा हात पोटाशी टेकवा, थोडा झोळ द्या, पिल्लाच्या डोळ्यांत बघू नका, बोलू नका. रस्सीखेचीतला भिडू निघून गेलाय, एवढंच त्याला कळू द्यायचं. 'सोड' येत असेल तर एकदा म्हणा. सोडल्यावर लगेच खाऊ देऊ नका. दोन-तीन पावलं चाला, त्यात लीश तोंडात गेली नाही की मग द्या. हे अंतर ठेवलं नाही तर हुशार पिल्लू असा क्रम जोडतं: धरायचं, सोडायचं, खाऊ मिळवायचा, पुन्हा धरायचं. तुमचं पिल्लू लीश धरून तुमच्या खिशाकडे बघत असेल तर हेच झालंय. तेव्हा सोडल्यानंतरची पावलं पाच-सहापर्यंत वाढवा आणि न चावता चालत असताना मिळणारा खाऊ दुप्पट करा.

फारच चिवट पिल्लासाठी दोन लीशची युक्ती. हार्नेसला दोन हलक्या लीश लावा, दोन्ही हातात. एक धरली की ती हातातून सैल सोडा आणि दुसरीनं चालू लागा. तोंडातल्या लीशला पलीकडून काहीच प्रतिसाद नाही, म्हणजे ती नुसती चिंधी. पिल्लू ती टाकून दुसरी धरेल, तेव्हा पहिली उचला. पाच-सात वेळा झालं की बहुतेक पिल्लं नाद सोडतात. रस्त्यावर दोन्ही लीश एकदम कधीही सोडायच्या नाहीत.

लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर यांना मुळातच तोंडात काहीतरी धरून चालायला आवडतं. त्यांना निघतानाच मऊ रबरी खेळणं द्या. तोंड भरलेलं असलं की लीशचा प्रश्नच उरत नाही.

घोडं बहुतेक कुठं अडतं

शिकवणं सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चावणं अचानक वाढतं. आधी मिळायची ती ओढाताण आता मिळत नाही, म्हणून पिल्लू जास्त जोर लावून बघतं. इथंच बरेच जण वैतागून ओढतात. त्या एका ओढण्यातून पिल्लू शिकतं की पुरेसा जोर लावला तर खेळ मिळतो, आणि पुढच्या वेळी ते अजून जास्त वेळ तग धरतं. हे तीन-चार दिवस निभावून न्या.

घरातल्या सगळ्यांचे नियम एकच हवेत. आई थांबते, बाबा ओरडतात, धाकटा मुद्दाम लीश नाचवतो, आणि सकाळी फिरवायला येणारा माणूस हिसका देतो, असं चाललं तर कितीही सराव करा, उपयोग नाही. तीन नियम कागदावर लिहून दाराजवळ लावा: लीश तोंडात असताना ओढायचं नाही, ओरडायचं नाही, लीशनं खेळवायचं नाही. फिरवणाऱ्यालाही एकदा सोबत चालून दाखवा.

लीशनं फटका मारणं, नाकावर टिचकी, तोंड दाबून धरणं, जबडा उघडून लीश ओढून काढणं, हे सगळं टाळा. दात हलत असताना ओढलं तर दुखतं आणि दात मोडूही शकतो. मार खाल्लेलं पिल्लू पुढं हात जवळ आला की दबतं किंवा चावतं, आणि मग त्याला हार्नेस घालणंसुद्धा अवघड होऊन बसतं.

फेरीच्या शेवटी, घर जवळ आल्यावर चावणं वाढत असेल तर फेरी लांब होतेय. लस पूर्ण झालेल्या ४ महिन्यांच्या पिल्लाला १५-२० मिनिटांची हुंगत-हुंगत फेरी भरपूर झाली. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळून रस्ता निवल्यावरच न्या. तळहाताची मागची बाजू डांबरावर ७ सेकंद टेकवता येत नसेल तर पंजे पोळतात, आणि पोळणारं पिल्लू लीशला तोंड घालणारच. पावसाळ्यात भिजलेली लीश जड होते आणि तिला वास येतो, म्हणून ती जास्त चघळली जाते. दोन लीश ठेवा, एक वाळत राहू दे. दिवाळीच्या आठवड्यात फटाके सुरू व्हायच्या आत फिरवून आणा आणि त्या दिवसांत नवीन काही शिकवू नका.

६ ते १० महिन्यांच्या दरम्यान, सगळं सुरळीत झालंय असं वाटत असताना, चावणं पुन्हा डोकं वर काढतं. दात आलेले असतात, पण अंगात रग असते आणि लक्ष टिकत नाही. पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. सहाव्या पायरीवर आठवडाभर परत या आणि निघण्याआधी ५ मिनिटं चेंडू किंवा खाऊ शोधण्याचा खेळ खेळवून रग जिरवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

सात महिने झाल्यावरही दुधाचा सुळा आणि पक्का सुळा शेजारी-शेजारी दिसत असतील तर दाखवा. पॉमेरेनियन, शित्झू अशा लहान जातींत हे नेहमी दिसतं आणि राहिलेला दुधाचा दात काढावा लागतो. हिरड्या लालभडक, तोंडाला घाण वास, खाणं अर्धवट सोडणं, हेही दाखवण्यासारखं आहे. लीश धरल्यावर पिल्लू अंग ताठ करून एकाच जागी थिजतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, हात नेल्यावर खोल आवाजात गुरगुरतं, किंवा लीशवरून चढत येऊन हात चावतं, तर ते खेळणं राहिलेलं नाही. मारझोड न करणारा, खाऊ वापरून शिकवणारा ट्रेनर गाठा.

चावलेली लीश रोज तपासा. रुंदीचा पाव भाग कुरतडला गेला असेल किंवा हुकाजवळची शिवण उसवली असेल तर ती टाकून द्या, रस्त्यावर नेमकी तिथंच तुटते. लीशचा तुकडा गायब असेल तर घरभर शोधा. सापडला नाही आणि पिल्लाला उलट्या होत असतील, ते खात नसेल, मलूल असेल, पोटाला हात लावू देत नसेल किंवा शी करताना कुंथत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नायलॉनचा लांब धागा आतड्यात अडकला तर आतडं त्यावर चुण्यांसारखं गोळा होतं आणि चिरलं जाऊ शकतं. म्हणूनच तोंडातून किंवा शीच्या जागेतून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, पिल्लाला मिठाची विषबाधा होऊ शकते. जाताना उरलेली लीश सोबत घ्या. नायलॉन साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे तुकडा कशाचा आणि केवढा आहे हे लीश बघूनच डॉक्टरांना कळतं, आणि सोनोग्राफी करायची का हे ठरवता येतं.